टिंबानंतरची जागा

मंगळवार, १६ ऑगस्ट १९८८

ही वही प्रोग्रामच्या नोंदींसाठी घेतली होती. पहिली चार पानं तशीच आहेत: कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली आणि का. आज प्रोग्राम पूर्ण झाला. त्याच्याबद्दल नोंदवण्यासारखं काही उरलं नाही आणि वहीत पानं बरीच आहेत.

काम साधं आहे. मराठी मजकुराची फाईल दिली की तो एकेक अक्षर वाचत जातो. स्पेस आली किंवा ओळ संपली की एक शब्द झाला असं धरून आकड्यात एक मिळवतो. शेवटी पडद्यावर दोन आकडे येतात, शब्द इतके आणि अक्षरं इतकी. मी माझ्या सहा फायलींवर तपासला. सहाही वेळा हाताने मोजलेला आकडा आणि त्याचा आकडा एकच आला. पहिल्या ओळीत रिमार्क म्हणून माझं नाव आहे, उ. देवपुजारी. रिमार्कची ओळ यंत्र सोडून देतं. ती माणसांसाठी असते.

वैदर्भी निबंध मंडळाचं काम आम्हाला मिळालं ते याच प्रोग्राममुळे. गेल्या वर्षी परीक्षकांनी हस्ताक्षरं ओळखून बक्षिसं दिली असा आरोप झाला आणि सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या. म्हणून या वर्षी अठ्ठेचाळीसही निबंध आमच्या कॉम्प्युटर केंद्रात नव्याने टाईप होतील, त्यांना फक्त नंबर असतील, आणि पंधराशे शब्दांची मर्यादा ओलांडणारे निबंध प्रोग्राम बाजूला काढील. अनंतरावांनी (केंद्र त्यांचं आहे, मी इथे तीन वर्षं आहे) मंडळाच्या सेक्रेटरींना सांगितलं, "आमच्या उत्तराबाईंचा प्रोग्राम आहे. चूक होणार नाही."

डिसेंबरात पुण्याला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. केंद्रातून एकालाच जाता येईल. कोणी, ते अनंतराव बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

आज एक टायपिस्ट रुजू झाली. भिवापूरची आहे, इथे मावशीकडे राहते. एवढ्या कामापुरतीच घेतली आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

गुरुवार, १८ ऑगस्ट

मी प्रोग्राम पडद्यावर उघडून पुन्हा वाचत होते तेव्हा टायपिस्ट खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"ताई, टिंबानंतर मी दोनदा स्पेस मारते. आमच्या इन्स्टिट्यूटमधी तसंच शिकवलं. मशीनले चालते ना?"

मी म्हटलं, "चालतं. तुम्ही टाईप करा. मोजायचं काम प्रोग्रामचं आहे."

ती "बरं" म्हणाली आणि तरी उभीच. मग पडद्याकडे बोट करून, "हे तुम्ही सगळं मनानं लिहिलं?" मी पुढची ओळ वाचायला घेतली. मनाने कोणी प्रोग्राम लिहीत नाही.

आजची दुसरी नोंद. अनंतराव तिला म्हणाले, "चारू, तू जेवून घे आधी." तिसरा दिवस आहे. मला तीन वर्षं 'तुम्ही'.

मंगळवार, २३ ऑगस्ट

धंतोलीत आमच्या डाव्या हाताला एक हॉस्पिटल आहे, उजव्या हाताला दोन. खेड्यावरून आलेले पेशंट चुकून आमचा जिना चढतात. मी त्यांना "हे हॉस्पिटल नाही" असं सांगते. ते पुरेसं असतं.

आज एक म्हातारी एक्स-रेचं पाकीट घेऊन वर आली. दारातल्या चपला पाहून तिनेही चपला काढल्या आणि एसी लावलेल्या खोलीत येऊन थेट जमिनीवर बसली.

"डाक्टर कुठी बसते वं?"

टायपिस्ट उठून तिच्याजवळ जाऊन बसली. "इथी मशीनीचा डाक्टर बसते मावशी. माणसाचा बाजूच्या जिन्यानं."

"मंग हे पोरगी कोण होय?" माझ्याकडे बघून.

"थे मोठी डाक्टरीन. तिच्यापुढं मशीनही खोकलत नाई."

अनंतराव मोठ्याने हसले. खुर्ची मागे गेली इतके. तीन वर्षांत माझ्या कोणत्या बोलण्यावर ते असे हसले, ते मी घरी येईपर्यंत आठवून पाहिलं. मग टायपिस्टने म्हातारीला जिना उतरवून पलीकडच्या दारापर्यंत पोचवलं. यात बारा मिनिटं गेली. कामाची वेळ.

तिचा वेग मिनिटाला बेचाळीस शब्द. माझा सव्वीस. माझं काम टायपिंग नाही.

शनिवार, ३ सप्टेंबर

एकूण तीस निबंध ती टाईप करणार. ती पोळ्याला गावी जाईल, तेव्हा उरलेले अठरा मी. पडद्यावरून तपासणी सगळ्यांची मीच करते. मूळ कागद तिच्याकडेच असतात.

आज ३१ नंबर. विषय सगळ्यांना एकच आहे, 'आमच्या घरातलं काम'. बहुतेकांनी आईचे कष्ट आणि चूल लिहिली आहे. ३१ मध्ये मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया आहेत. वाक्यं लहान लहान. एक उतरवून ठेवते, शुद्धलेखन तपासण्यासाठी पुन्हा पाहावं लागलं म्हणून लक्षात राहिलं:

'देठ खुडणारी बाई डोळ्याला हात लावत नाही. रडू आलं तर ती मान वर करते. पाणी आपोआप कानाकडे जातं. माझी आई किती वेळा रडली ते मला माहीत नाही. तिने किती वेळा आढ्याकडे पाहिलं ते माहीत आहे.'

चार वेळा वाचला. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

अनंतराव मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, "हे कोणी लिहिलं असेल हो? पाहा न, एक शब्द काढता येत नाही."

मी म्हटलं, "नियमाप्रमाणे आपल्याला ते कळायला नको."

टायपिस्ट खाली वाकून पायात गेलेली वायर सरळ करत होती. तिने मान वर केली नाही. एरवी प्रत्येक गोष्टीत बोलते.

आणखी एक. हा निबंध टाईप करताना तिने कागद स्टँडला लावलाच नव्हता. ओढणीखाली मांडीवर होता, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. न बघता टाईप करता येतं हे अनंतरावांना दिसावं म्हणून असणार. दिसलं त्यांना.

मला तशी वाक्यं येत नाहीत. येण्याची गरजही नाही.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

ती गेली. पोळ्याला गावी जाताना माझ्या टेबलावर पुडी ठेवून गेली. घरची मिरची, कुटलेली. "आईनं मांगच्या महिन्यात पाठवली, तुमच्यासाठी काढून ठेवली. जपून घाला ताई, भिवापुरी हाय." अनंतरावांनाही पुडी दिली. त्यांची मोठी होती की माझी, ते सांगता येत नाही. कागद वेगळे होते.

केंद्रात शांतता आहे. मी सात निबंध टाईप केले. अनंतराव दोनदा येऊन म्हणाले, "आज फारच शांत वाटून राहिलं." दुसऱ्यांदा मी म्हटलं, "काम होतंय." ते म्हणाले, "हो, ते तर होतंच."

मंगळवार, १३ सप्टेंबर

मोजणी झाली. अठ्ठेचाळीसपैकी बारा निबंध मर्यादेबाहेर. बाराही तिने टाईप केलेले. माझ्या अठरापैकी एकही नाही. यावरून काय ते दिसतं. बडबड करत टाईप केलं की शब्द दोनदा पडतात.

यादी मी अनंतरावांना वाचून दाखवली. ३१ नंबर, १५७१ शब्द, बाद. टायपिस्ट गावाहून परतली आहे; तोपर्यंत ती काही बोलली नव्हती.

"३१ चे चौदाशे बासष्ट होत ताई."

"तुम्ही मोजले?"

"हाव."

"बाकीचे?"

"नाई."

"मग हाच काहून?" माझ्या तोंडून 'काहून' निघालं. बहुधा महिनाभर ऐकून.

"असाच."

एकाच निबंधाचा आकडा सांगायचा, आणि तोही अनंतरावांना आवडलेल्या. मी शांतपणे समजावलं. टायपिंगच्या परीक्षेत पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात, ती वेग मोजायची रीत आहे, मजकुरातले शब्द त्याने मोजता येत नाहीत. तिने तसंच काही केलं असणार.

"ते मले माहीत आहे," ती म्हणाली. हळू.

अनंतराव म्हणाले, "एकदा हाताने मोजून पाहायचा का?"

"प्रोग्रामवर विश्वास नसेल तर मोजा."

त्यांनी यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "नाही. तुम्ही म्हणता तर ठीक." आणि यादीवर सही केली.

ती मान वर करून पंख्याकडे बघत होती. बराच वेळ. मीही पाहिलं. पंखा व्यवस्थित चालू होता.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

मंडळाचं टायपिंग संपलं. आता ती जाईल असं धरून होते. अनंतरावांनी तिला एका डॉक्टरांच्या रिपोर्टांसाठी ठेवून घेतलं.

दुपारी मी फ्लॉपी ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. टायपिस्ट समोरच्या खुर्चीत. टेबलावर पुण्याच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक उघडं. मी शिरताच दोघं बोलायचे थांबले. तिने उठून ओढणी सारखी केली आणि माझ्या बाजूने निघून गेली, खाली बघत. अनंतराव म्हणाले, "उत्तरा, बरं झालं आलात, तुमच्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं, नंतर. फ्लॉपी ठेवली.

तिची बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा झाल्या आहेत, एवढंच. अभ्यासक्रमाची पात्रता पत्रकात छापलेली आहे. मी ती पुन्हा वाचली. अपवाद करण्याचा अधिकार संस्थेला आहे.

आई म्हणते मी जेवताना कुठे असते. मी म्हटलं इथेच.

सोमवार, १९ सप्टेंबर

मंडळाने बाद नंबर आपल्या फलकावर लावले. आज त्यांतला एक माणूस केंद्रात आला. वामनराव, निवृत्त मास्तर, बेसा गावाहून सायकलने. हातात कापडी पिशवी. नंबर १२.

"मशीनवाली कोण होय?"

मी उभी राहिले.

"पोरी, तुझ्या मशीनीनं माझे पंधराशे चव्वेचाळीस मोजले. माझे चौदाशे अठ्ठ्याऐंशी होत." पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. आत ज्वारी होती. "मी एकेक शब्द वाचत गेलो अन् आमची घरवाली प्रयागबाई एकेक दाणा टाकत गेली. मंग दोघांनी दाणे मोजले. तीनडाव. तुझ्या मशीनीले म्हण, एकडाव माझ्यासमोर मोज."

"यंत्र दाणे मोजत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच तं चुकते."

टायपिस्ट तोंडाला ओढणी लावून हसली. अनंतरावांनी त्यांना चहा दिला. मी सांगितलं की प्रोग्राम सहा वेळा तपासलेला आहे आणि आकडा अंतिम आहे. मास्तर ऐकून घेत होते. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि ती रागाने नाही.

"पोरी, तो मोजणारा दुसऱ्यानं लिहिलेलं कधी मोजत होता का? का तुझंच तुले दाखवून राहिला होता?"

पिशवी ते ठेवून गेले. "राहू दे. मोजून पाह्य."

मंगळवार, २० सप्टेंबर

मी दाणे मोजले नाहीत. नंबर १२ ची फाईल उघडली आणि छापून शब्द हाताने मोजले, प्रत्येक शंभराव्याला लाल खूण. १४८७. मास्तरांचा एक दाणा जास्त, माझे सत्तावन्न शब्द जास्त.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. पूर्णविरामानंतर दोन स्पेस. पहिल्या स्पेसला प्रोग्राम शब्द मोजतो, ते बरोबर. दुसऱ्या स्पेसला पुन्हा एक मोजतो. समोर शब्दच नसतो, तरी. सत्तावन्न ठिकाणी दोन स्पेस, सत्तावन्न शब्द जास्त. मी स्वतः टाईप करते तेव्हा एकच स्पेस देते, म्हणून माझ्या सहा फायली आणि माझे अठरा निबंध बिनचूक निघाले. तिचे तीसच्या तीस चुकले. त्यांतले बारा मर्यादेबाहेर गेले. जितकी वाक्यं लहान तितके शब्द जास्त. ३१ मध्ये अशा एकशे नऊ जागा आहेत. वजा केल्यावर १४६२.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. चूक तिच्या बोटांत होती. मी लगेच अनंतरावांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. 'टंकलेखिकेच्या सदोष सवयीमुळे मोजणीत फरक पडला असून, सदर सवयीची कल्पना प्रोग्राम लिहिताना देण्यात आली नव्हती.' ती कोणत्या तारखेला रुजू झाली ते घालायचं होतं, म्हणून ही वही उघडली.

१६ ऑगस्ट. पान उलटलं. १८ ऑगस्ट.

तिचं वाक्य मी अवतरणचिन्हांत लिहिलं आहे. माझंही.

चिठ्ठी फाडली.

बुधवार, २१ सप्टेंबर

दुरुस्ती एका ओळीची आहे. मागचं अक्षरही स्पेसच असेल तर मोजू नको. सकाळी अनंतराव यायच्या आत अठ्ठेचाळीसही फायली पुन्हा चालवल्या. बारापैकी तीन खरोखर मर्यादेबाहेर आहेत. नऊ आत येतात. १२ येतो. ३१ येतो.

कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी निबंधांचे गठ्ठे परीक्षकांकडे जातील, म्हणजे अजून वेळ आहे. एकदा गेले की वेळ नाही. सांगितलं तर मंडळ म्हणेल केंद्राचा प्रोग्राम चुकीचा, आणि तो 'उत्तराबाईंचा प्रोग्राम' आहे. पुण्याला चुकीच्या प्रोग्रामवाल्या मुलीला कोणी का पाठवावं, जेव्हा दुसरी मुलगी पहिल्याच आठवड्यात बरोबर प्रश्न विचारते? ३१ परत आला तर ती म्हणणार, मी सांगितलं होतं. किंवा म्हणणार नाही. फक्त हसेल, आणि अनंतराव तिच्याकडे बघतील. ते जास्त वाईट.

ती आज मला विचारत होती, "ताई, तुमची तब्येत बरी नाई का? चेहरा उतरून राहिला." मी म्हटलं, मिरची जास्त झाली. ती घाबरली बिचारी. म्हणाली, दही खा.

'बिचारी' खोडायचं होतं. राहू दे.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

सांगितलं.

अनंतरावांना जिन्यात गाठलं, कारण खोलीत ती होती. ते दोन पायऱ्या खाली उभे होते आणि मी वर. मी फक्त चूक, कारण आणि आकडे सांगितले. ते म्हणाले, "कशी सापडली?"

"तपासताना."

वाक्य खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

त्यांनी १३ तारखेची आठवण काढली नाही. काढली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "चला, आत्ताच नानाजींकडे जाऊ. तुम्ही बोला, मी सोबत आहे."

नानाजी म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी. महाल भागातल्या कचेरीत ते गठ्ठ्यांना दोरी बांधत होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे मशीन चुकते?"

"मशीन नाही. मी चुकले."

"अन् आम्ही पेपरात दिलं होतं, मोजणी मशीननं, वादाला जागा नाही म्हणून!" ते अनंतरावांकडे वळले. "काय गा अनंता, हेच का तुझं बिनचूक?"

"चूक मीच सांगायला आले आहे," मी म्हटलं. "न सांगता तुम्हाला कळली नसती."

"हे मात्र खरं." दोरी सोडत ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी आम्ही हातानंच मोजू पोरी. राग नको धरू."

नऊ निबंध गठ्ठ्यात परत गेले. ३१ मी स्वतः ठेवला. नानाजींनी मिनिटबुकात लिहिलं, 'सदर चूक कु. देवपुजारी यांना स्वतः तपासताना आढळली.' माझ्यासमोर लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. एक वाक्य जोडायला मला वेळ होता. टायपिस्टने १८ ऑगस्टला विचारलं होतं, इतकंच. मी ते मनात दोनदा जुळवलंही.

चूक माझी आहे असं म्हणता येतं. ती तिने आधी पाहिली असं म्हणता येत नाही. यात फरक काय ते मला नीट मांडता येत नाही, पण आहे.

रविवार, ९ ऑक्टोबर

बक्षीस समारंभ. सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त. वामनराव पहिल्या रांगेत, शेजारी प्रयागबाई. मी जाऊन त्यांची पिशवी परत केली आणि सांगितलं, १४८७, एक दाणा जास्त होता. मास्तर बायकोकडे वळले. "पाह्य वं, म्हणलो नव्हतो? तू एक जास्तीचा टाकला." त्या म्हणाल्या, "मीच काहून? तुमीच वाचताना खोकलले." त्यांना उत्तेजनार्थ मिळालं.

पहिलं बक्षीस, नंबर ३१. नानाजींनी पाकीट फोडलं आणि नाव वाचलं.

"चारुलता रुपराव भोयर, भिवापूर."

ती मागच्या रांगेत बसली होती. उठली नाही. मान वर करून छताकडे बघत राहिली.

तेव्हा मला मांडीवरचा कागद आठवला. १४६२ हा आकडाही, आणि पंखा. हे सगळं माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे, तारखांसकट.

टाळ्या थांबायच्या आत एक गृहस्थ उठले. "ही तर तिथली टायपिस्ट! बाद झालेला निबंध परत आत आला, अन् पहिलाही आला? चूक सापडली कोणाला? हिलेच ना?"

गेल्या वर्षीच्या खुर्च्या सगळ्यांना आठवल्या असणार. नानाजींनी शांतपणे मिनिटबुक उघडलं आणि माझं वाक्य वाचलं. कु. देवपुजारी यांना स्वतः तपासताना आढळली. "या बाईंना ३१ कोणाचा ते माहीत नव्हतं. निबंध गावाहून पोस्टानं आला, पोरगी कामावर लागायच्या आधी, पाकिटावर शिक्का आहे. अन् शब्द परीक्षकांनी हातानं मोजून पाहिले. आणखी काही?"

ते गृहस्थ बसले.

बाहेर ती माझ्याकडे आली. प्रमाणपत्राची गुंडाळी दोन्ही हातांत.

"ताई, तुम्ही माझं नाव घेतलं नाई नानाजीपाशी. मी कधीची विचार करून राहिली होती, घेतलं असतं तर आज सगळे म्हणाले असते, हिनंच करवलं. तुम्हाले तेव्हाच समजलं होतं का, की माझा होय?"

"नाही."

"तरी नाई घेतलं." तिचे डोळे भरले होते, पण हात गुंडाळीवरच होते. "मी घरी आईले लिहिलं तुमच्याबद्दल."

१८ ऑगस्टचं मला सांगता आलं असतं. समोर उभी होती, अडवणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "घरी जा आता. अंधार होईल."

सोमवार, १० ऑक्टोबर

अनंतरावांनी सकाळी एक पत्र हातात दिलं. पुण्याच्या संस्थेचं. 'आपल्या १२ ऑगस्टच्या पत्रानुसार कु. उत्तरा देवपुजारी यांना प्रवेश देण्यात येत आहे.'

१२ ऑगस्ट. ती रुजू होण्याच्या चार दिवस आधी.

मी तारखेवर बोट ठेवून विचारलं, "हे तेव्हाच पाठवलं होतं?"

"मग? तुमच्याशिवाय कोणाला पाठवणार?" त्यांना खरंच नवल वाटलं. "त्या दिवशी सांगणार होतो. चारू विचारायला आली होती, तुम्ही पुण्याहून आल्यावर तिला प्रोग्रामिंग शिकवाल का म्हणून. मी म्हटलं, मले काय विचारतेस, त्यांनाच विचार. तर म्हणते, भीती वाटते. तुम्ही आलात अन् ती पळाली."

मग म्हणाले, "तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो ते तुम्हाला आवडत नाही का हो? चारू म्हणत होती."

मी म्हटलं, आवडतं. ते खरं आहे की नाही ते मला ठरवायचं आहे. घाई नाही.

दुपारी प्रोग्राम उघडला. पहिली ओळ रिमार्क, माझं नाव. तिच्याखाली दुसरी घातली, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. 'टिंबानंतर दोन स्पेस चालतात का, हे चारुलता भोयर यांनी १८ ऑगस्ट १९८८ ला विचारलं होतं. मी ऐकलं नाही. चूक त्या दिवसापासूनची.' यंत्र ही ओळ सोडून देतं. प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. आकडे तेच.

मिनिटबुकातलं वाक्य तसंच राहील. ते आता तिच्या कामाचं आहे. पण कुठेतरी दुसरं असायला हवं.

पाच वाजता ती दारात आली. चपला बाहेर, हातात नवी वही.

"ताई, एक विचारू? तुमच्या त्या प्रोग्रामचा कागद मिळंल का? छापलेला. पुरा समजणार नाई, पण वाचून पाहीन. पहिल्या ओळीपासून."

प्रिंटर लावला. एकवीस ओळींचा कागद. दुसरी ओळ फाडता येण्यासारखी नव्हती. वरची, माझ्या नावाची ओळ ठेवून ती एकटी निघत नाही. दोन्ही फाडाव्या लागल्या असत्या.

मी कागद तसाच दिला. ती तिथेच उभ्याने वाचायला लागली, बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. पहिली ओळ झाली.

मी खुर्ची ओढून तिच्यासाठी शेजारी ठेवली.